मागचा कोणीच अंधुक नाही

दिगूभाऊंना लाज नव्हती. ही मी केलेली निंदा नाही, त्यांचंच म्हणणं होतं. "लाज होती म्याडम माह्यापाशी," ते सांगायचे, "पन फोटोच्या पहिल्याच ऑर्डरीत एका लग्नाच्या पंगतीत इसरून आलो. कोनं वापस आनून देल्ली नाही." आणि स्वतःच्याच बोलण्यावर असे हसायचे की खालच्या बी-बियाण्यांच्या दुकानातला मालक दचकून छताकडे बघायचा.

त्यांच्या वाट्याची लाज मग मी वाहायचे. मी मुळात लाजाळूचं झाड. डोणगावच्या बौद्ध वस्तीतल्या जिल्हा परिषद शिक्षकाची मुलगी. शिकलेल्या माणसाने मोजून बोलावं, कोणाला बोट दाखवायला जागा ठेवू नये, या धाकात वाढलेली. पुण्याला प्रकाशशास्त्र शिकायला गेले तेव्हा तोंड उघडण्याआधी वाक्य मनातल्या मनात धुऊन घ्यायचे, कुठे 'मले-तुले' राहून गेलं नाही ना म्हणून. आणि आता माझ्याच कंपनीचा माणूस भर सभेत उभा राहून "म्या सांगतो ना तुमाले" म्हणत सुरू व्हायचा. धरणीने पोटात घेतलं तर बरं, असं व्हायचं मला.

कंपनी हा शब्दही जरा मोठाच झाला. डोणगावच्या रस्त्यावर, त्या बियाण्यांच्या दुकानाच्या वर, खताच्या वासात, दोन खोल्या. नाव 'तिरीप'. बाबांनी सुचवलं होतं, कौलातून उन्हाची पट्टी घरात येते ना, ती. मी आणि माझा कॉलेजातला मित्र अभिजित. तो पुण्यात बसून प्रोग्रॅम लिहायचा, मी इथे कॅमेरा बांधायचे. पुणं सोडून खेड्यात कशाला, असं ज्याने त्याने विचारलं. पुण्यातल्या भाड्यात आमची कंपनी दिवाळीसुद्धा बघू शकली नसती, हे सरळ उत्तर मी लाजेपोटी कोणालाच दिलं नाही. "ग्रामीण भागात संशोधन पोचलं पाहिजे," असं काहीतरी सांगायचे.

आमचा कॅमेरा वेगळा होता. साधा कॅमेरा प्रकाश किती आला तेवढंच टिपतो. आमचा, तो प्रकाश कोणत्या दिशेने आला हेही टिपायचा. त्यासाठी आत बारीक बारीक भिंगांची एक जाळी बसवलेली होती, साबुदाण्याच्या पापडासारखी दाणेदार. त्याचा फायदा असा, की फोटो आधी काढायचा आणि फोकस कुठे हवा ते नंतर ठरवायचं. पडद्यावर नवरीच्या तोंडावर बोट ठेवलं की नवरी स्पष्ट, मागच्या आजोबांवर ठेवलं की आजोबा स्पष्ट. कॅमेरा चांगला डब्याएवढा जड होता, फोटो उघडताना लॅपटॉप धापा टाकायचा, पण उघडला की बघणाऱ्याचा 'आं' झालाच पाहिजे.

दिगूभाऊंचा स्टुडिओ समोरच होता. एक दिवस ते जिना चढून वर आले. अंगात राखाडी सफारी, गळ्यात रुमाल, मिशा नुकत्याच काळ्या केलेल्या, आणि बोलताना एक डोळा बारीक करायची सवय, जणू समोरचा माणूस त्यांना कायम चौकटीतूनच दिसत होता. आल्या आल्या म्हणाले, "फोटो काढल्यावर फोकस होते म्हन्ता?"

"हो."

"मंग आम्ही जिंदगीभर काय झक मारली?"

मी त्यांना टेबलावरच्या चहाच्या कपाचा आणि मागच्या खिडकीचा फोटो दाखवला. त्यांनी कपावर बोट ठेवलं, खिडकीवर ठेवलं, पुन्हा कपावर. पुन्हा खिडकीवर. मग खुर्ची ओढून बसले आणि माझा डबा उघडून त्यातली अर्धी भाकरी मोडून खाऊ लागले. "हे चीज विकाले तुमच्यासारखं मानूस कामाचं नाही," घास गिळून म्हणाले. "फोटो काढाले अक्कल लागते, विकाले छाती लागते. अक्कल तुमची, छाती माही." मी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. दुसऱ्या दिवसापासून ते आमच्या कंपनीत होते.

कॅमेऱ्याचं घोषवाक्यही त्यांनीच केलं. अभिजितने इंग्रजीत केलेलं एक लांबलचक वाक्य होतं, ते मलाही पाठ व्हायचं नाही. दिगूभाऊंनी खडूने जिन्याच्या भिंतीवर लिहून टाकलं: मागचा कोणीच अंधुक नाही.

पहिली फजिती मेहकरच्या कृषी प्रदर्शनात. आम्हाला एक कोपरा मिळाला होता. मी कपाशीच्या झाडाचे फोटो लावून पानांची खोली कशी मोजता येते ते समजावत होते आणि लोक जांभया देत होते. मी पाणी प्यायला गेले, येऊन बघते तर आमच्यापुढे ही गर्दी! दिगूभाऊ सांगत होते, "बंद बोंडाच्या आतली अळी दिसते ह्याच्यात! अळी नर हाय का मादी, ते बी." मी तिथल्या तिथे पुढे होऊन म्हटलं, की नाही, बोंडाच्या आतलं दिसत नाही, कॅमेरा तेवढं करू शकत नाही. गर्दी शेजारच्या ठिबकच्या स्टॉलवर निघून गेली.

"भाऊ, हे सरळ खोटं होतं."

"खोटं नाही म्याडम. फोकस जरासा पुढं केला. आजचं नाही सांगतलं, उद्याचं सांगतलं."

त्यांच्याशी वाद घालणं म्हणजे भिंतीवर डोकं आपटणं, आणि वर भिंतच विचारणार, लागलं का हो.

पुण्यात गुंतवणूकदारांपुढे जायचं ठरलं तेव्हा मी दिगूभाऊंना न्यायचं नाही असं अभिजितला बजावलं होतं. ते स्वतःच एसटीने आले. काचेची खोली, लांब टेबल, एसीचा गारठा. मी माझी धुतलेली वाक्यं बोलत होते. मधेच दिगूभाऊ उठले, म्हणाले, "म्याडम, थांबा जराशा," आणि टेबलाभोवती बसलेल्या साऱ्या साहेबलोकांचा फोटो काढला. लॅपटॉपने धाप टाकली, फोटो मोठ्या पडद्यावर आला. पुढचे मोठे साहेब स्पष्ट. "आता पाहा हां," म्हणत दिगूभाऊंनी टेबलाच्या पार टोकाला बसलेल्या तरण्या साहेबांवर बोट ठेवलं. साहेब स्पष्ट झाले, त्यांच्या मांडीवरचा मोबाइलही स्पष्ट झाला, आणि मोबाइलवरचा पत्त्यांचा डाव तर इतका स्पष्ट की कोणतं पान टाकायचं ते कोणीही सांगावं. "साहेब, राजा टाका," दिगूभाऊ म्हणाले. "आपल्या कॅमेऱ्यात कोनीच लपत नाही."

माझ्या कानशिलांवर कोणीतरी निखारे ठेवलेत असं वाटलं. ते तरणे साहेब लालबुंद. पण मोठे साहेब पोट धरून हसले आणि आम्हाला पुढचं वर्ष ढकलण्यापुरता आधार त्यांनीच दिला. मात्र अट घातली: वर्षाच्या आत हा कॅमेरा घेणारं खरं गिऱ्हाईक दाखवा. नाहीतर दुकान बंद करा. परतीच्या एसटीत दिगूभाऊ खिडकीशी बसून शेंगा खात होते. मी म्हटलं, "भाऊ, त्या माणसाला किती लाज वाटली असेल!" ते म्हणाले, "वाटू द्या ना. लाज काय, वाटते आन जाते. फोटो राह्यते."

आता हे सगळं सांगितल्यावर त्यांच्या धंद्यातली एक कसबाची गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही.

लग्नात माणसं मांडणं ही दिगूभाऊंची कला होती. फोटो कोणीही काढेल. पण शंभर माणसांच्या मांडवात कोण पुढे, कोण मागे, कोणाची आत्या रुसली, कोणाला चौकटीबाहेर ठेवायचं, हे ते दोन टाळ्यांत लावायचे आणि कोणाला कळायचंही नाही आपल्याला हलवलं ते. विशेष म्हणजे विधवा बायका. त्यांच्याकडच्या लग्नांत अशी बाई अक्षतांच्या वेळी समोर नको, फोटोत तर नकोच, हा रिवाज. घरचे लोक स्वतःच्या तोंडाने सांगायला कचरतात, ते काम फोटोवाल्यावर सोडतात. दिगूभाऊ त्या बाईजवळ जायचे आणि इतक्या मायेने म्हणायचे, "काकू, तुमाले ऊन लागून राह्यलं. तिकडं सावलीत बसा बरं." काकू जाऊन सावलीत बसायची. बोल नाही, चाल नाही. आमच्याकडे असलं काही नसतं, माझी विधवा मावशी लग्नात पहिल्या रांगेत उभी राहून त्रिशरण म्हणते. तरी मीसुद्धा त्यांच्या त्या गोड आवाजाचं कौतुकच करायचे. एवढा मोठा गळा असलेला माणूस किती हळू बोलू शकतो, म्हणून.

गिऱ्हाईक शोधायचं कामही मग दिगूभाऊंनीच अंगावर घेतलं. मेहकरला आसपासच्या फोटोग्राफरांचा मेळावा भरायचा होता. लग्नाचे फोटो काढणारे सारे तिथे येणार. त्यांनी कॅमेरा उचलला तर कंपनी जगली, नाहीतर कुलूप. "एक खराखुरा लग्नाचा फोटो पाह्यजे," दिगूभाऊ म्हणाले. "असा, का पाह्यनाराचे डोये फाटले पाह्यजे. आन लगन बी घरचंच हाय."

लग्न त्यांच्या भाचीचं होतं, कोमलचं. कोमल म्हणजे यमुनाताईंची मुलगी, आणि यमुनाताई म्हणजे दिगूभाऊंची थोरली बहीण. नवरा गेल्यावर दोन्ही मुलं घेऊन माहेरी भावाकडे आलेली. तो स्टुडिओ मुळात ताईंच्या नवऱ्याचा. दिगूभाऊ त्याच्या हाताखाली शिकले आणि तो गेल्यावर ताईंनी कॅमेरा आणून धाकट्या भावाच्या गळ्यात घातला. दिगूभाऊंना जगात कोणाचा धाक असेल तर ताईंचा. लग्नासाठी त्यांनी घरातलं सगळ्यात भारी लुगडं ताईंनाच घेतलं होतं, आणि ते जो भेटेल त्याला सांगत होते. "बहिनीले घेतलं, बायकोले नाही. बायको तोंड फुगवून बसली, फुगू द्या."

लग्न दाराशी, मांडवात. मी सकाळीच कॅमेरा तिवईवर लावला. दिगूभाऊंनी चौकट बांधली: पुढे नवरा-नवरी, मामा म्हणून नवरीच्या मागे ते स्वतः, त्यांच्या मागे वऱ्हाडी, आणि पार शेवटी मांडवाचा मागचा खांब आणि पाण्याचा ड्रम. "पुढून मागपर्यंत सगळं पाह्यजे," म्हणाले. मग नेहमीसारख्या दोन टाळ्या. मग त्यांना ताई दिसल्या. ताई दाराशी उभ्या होत्या, ते भारी लुगडं नेसून, ओंजळीत अक्षता घेऊन. दिगूभाऊ गेले आणि तोच गोड आवाज काढला, "ताई, ऊन लागून राह्यलं तुले. तिकडं सावलीत थांब बरं जराशी." ताईंनी त्यांच्याकडे पाहिलं. खांबामागे गेल्या. दिगूभाऊ परत आले, बटण माझ्या हातात दिलं आणि कोमलच्या मागे जाऊन छाती काढून उभे राहिले. शेवटचं मंगलाष्टक संपलं, अक्षता उडाल्या आणि मी बटण दाबलं.

दुसऱ्या दिवशी मांडव परतायला, रीतीप्रमाणे माहेरी, कोमल आणि नवरदेव दुसरबीडहून आले. सोबत सासरची चार माणसं. दिगूभाऊंना दम कुठला! त्यांनी ओसरीत टीव्ही मांडला, माझा लॅपटॉप जोडला, आणि साऱ्यांना बसवून खेळ सुरू केला. फोटो सुंदर आला होता. मी मनातल्या मनात नाचत होते, इतक्या खोलीचा इतका साफ फोटो आम्हाला आजवर मिळाला नव्हता. दिगूभाऊ एकेकाला बोलावून बोट ठेवायला लावत होते. नवरदेवाच्या काकांवर ठेवलं, काका स्पष्ट. काकांच्या हातातला पानाचा विडाही स्पष्ट. हशा. कोणाची तरी जांभई सापडली. पुन्हा हशा.

मग कोमल म्हणाली, "मामा, आई कुठी हाय? आई नाही दिसून राह्यली फोटोत."

दिगूभाऊ रंगात आले होते. हात उडवून म्हणाले, "ह्या कॅमेऱ्यात दिसत नाही असं कोनीच नाही! मागचा कोनीच अंधुक नाही! धुंड!"

कोमल लॅपटॉपपाशी जाऊन बसली. एकेका चेहऱ्यावर बोट ठेवत मागे मागे गेली. मामी सापडली, मावश्या सापडल्या, शेजारीण सापडली. आई नाही. "धुंड, धुंड," दिगूभाऊ म्हणत होते. आणि कोमलने खांबाशेजारच्या एका करड्या डागावर बोट ठेवलं.

लॅपटॉपने धाप टाकली. पुढचे नवरा-नवरी विरघळले, त्यांच्या मागे छाती काढून हसणारे दिगूभाऊ विरघळले, वऱ्हाड विरघळलं, आणि मागे यमुनाताई स्पष्ट झाल्या. खांबाला खेटून, पदराचं टोक दातात धरून, उजवा हात वर. अक्षता नुकत्याच हातातून सुटल्या होत्या. दाणे हवेत दिसत होते, एकेक. ताई आणि नवरी यांच्यामध्ये अख्खा मांडव होता. ते दाणे ड्रमच्या पलीकडेसुद्धा जाणार नव्हते, हे कोणालाही कळत होतं. आणि ताई रडत होत्या, हेही.

नवरदेवाचे काका हातातल्या बशीकडे बघू लागले. कोमल मागे वळली, मामाकडे बघून म्हणाली, "आईले तिथं कोनं उभं केलं?"

दिगूभाऊ उठून टीव्ही बंद करायला गेले, पण त्यांना बटण सापडेना. रोजचा घरचा टीव्ही. त्याच्या कडेवरून हात फिरवत होते, वर, खाली, मागे, आणि ताई तशाच हात वर करून पडद्यावर उभ्या. तेवढ्यात खऱ्या ताई चहाचा ट्रे घेऊन चुलीकडून आल्या. त्यांनी पडद्याकडे पाहिलं. चटकन पदर पुढे ओढला, जणू पडद्यावरच्या बाईला झाकायचं होतं. "बंद करा बाई ते," म्हणाल्या. "पाव्हन्याइचा चहा थंडा होऊन राह्यला." आणि खाली मान घालून कप वाटू लागल्या. चूक कोणाची आणि लाज कोणाला! मला अजून तो ट्रे दिसतो, कप किणकिणत होते.

पाहुणे गेल्यावर दिगूभाऊ ताईंपुढे जाऊन उभे राहिले. मी लॅपटॉपची वायर गुंडाळत होते, निघून जायला हवं होतं, पण गुंडाळलेली वायर सोडून पुन्हा गुंडाळत राहिले.

"ताई," ते म्हणाले, "कोमल अजून हाय घरात. जावाई बी हाये. तू मधात बस, आता एक फोटो काढतो. मस्त काढतो."

"फोटो नंतर होते रे दिगू," ताई म्हणाल्या. रागाने नाही, अगदी साध्या आवाजात. "अक्षता नंतर होत नाही."

"मंग तू तवा काऊन बोलली नाही मले?"

"तुह्यं कामच हाय ते. माह्याच मानसानं शिकवलं तुले."

हे मात्र दिगूभाऊंना झेपलं नाही. खाली बसले, गळ्यातला रुमाल काढला, तोंड पुसलं, पुन्हा पुसलं. मी त्या माणसाला इतके दिवस बघत होते. त्यांच्या तोंडावर लाज कशी दिसेल, असा विचारही मी कधी केला नव्हता. बघवत नव्हतं. ज्याला सवय नाही त्याला ती फार लागते, नव्या चपलेसारखी.

मेळावा चार दिवसांवर होता. मी दिगूभाऊंना म्हटलं, आपण दुसरा कोणता तरी फोटो दाखवू, काका-विडावाला भाग दाखवू, मागे जायचंच नाही. ते हो म्हणाले. मेहकरच्या त्या सभागृहात ते व्यासपीठावर चढले, तीच राखाडी सफारी, फोटो पडद्यावर आला. पुढचे नवरा-नवरी स्पष्ट. टाळ्या पडल्या. दिगूभाऊंनी बोट उचललं आणि सरळ खांबावर ठेवलं.

"हे माही सख्खी बहीन," ते म्हणाले. आवाज नेहमीचा नव्हता, मागच्या रांगेतून कोणीतरी 'जोरात' म्हणून ओरडलं. "हे नवरीची माय हाय. हिले तिथं म्या उभं केलं. ऊन लागते म्हून सांगतलं. ऊन नव्हतं. मांडव होता." "आपन सगळेच करतो हे. म्या किती बायाइले सावलीत बसवलं, मलेच याद नाही. त्या साऱ्या लग्नाइचे फोटो माह्यापाशी हायेत, पन त्याच्यात त्या नाहीत. ह्या कॅमेऱ्यात राह्यतेत. एवढंच सांगाचं होतं. घ्याचा तं घ्या."

सभागृहात कोणी खोकललं. बरेच जण मोबाइल बघायला लागले. मग त्यांच्याच वयाचा एक फोटोग्राफर उठला, ओळखीचा असावा, समजुतीच्या सुरात म्हणाला, "दिगूभाऊ, लग्नाचा अल्बम हाय तो, पंचनामा नाही. मागचं जेवढं अंधुक, तेवढं गिऱ्हाईक खूश. असा कॅमेरा नेला तं घरोघरी भांडनं लागतीन ना बे." लोक हसले. सुटका झाल्यासारखे हसले. एकाही माणसाने कॅमेरा घेतला नाही.

परत येताना मी गाडीत रागाने धुमसत होते. खोटं कशाला सांगू? जन्मभर खोटं बोललेल्या माणसाने खरं बोलायला नेमका हाच दिवस निवडावा, असं माझ्या मनात आलं. दिगूभाऊ म्हणाले, "म्याडम, तुमची कंपनी बुडवली म्या." मला 'नाही हो भाऊ' म्हणायचं होतं. डोणगावची पाटी आली तरी शब्द फुटला नाही. उतरताना त्यांनी एकच मागितलं. त्या फोटोची एक मोठी प्रत, ताईंवर फोकस करून, कोमलला द्यायची आणि बाकी सगळं पुसून टाकायचं. मी तसं केलं. कोमलच्या दुसरबीडच्या घरात तो फोटो आहे म्हणतात. त्यात पुढे दोन रंगीत धुकी आहेत, ती नवरा-नवरी, आणि त्यांच्या मागचं राखाडी धुकं म्हणजे दिगूभाऊ.

'तिरीप' वर्षाअखेरीस बंद झाली. अभिजित पुण्यात नोकरीला लागला, मी बुलढाण्याला एका कॉलेजात शिकवते. जिन्यावरचं खडूचं वाक्य बियाण्यांच्या मालकाने चुना मारून पुसलं. दिगूभाऊंनी लग्नाच्या ऑर्डरी घेणं सोडलं, नुसते आधार कार्डाचे आणि पासपोर्टचे फोटो काढतात असं कानावर यायचं. "एक मानूस, मागं पांढरा पडदा. कोनाले हालवाचं काम नाही," असं कोणाला तरी म्हणाले म्हणे. मी डोणगावला गेले की त्यांच्या दुकानावरून जायचे, पण ते मान वर करायचे नाहीत. हाक मारायचा धीर मलाही झाला नाही.

शेवटचं पाहिलं ते आकाशच्या लग्नात. आकाश म्हणजे ताईंचा धाकटा. लग्न मेहकरच्या कार्यालयात होतं. आकाशने आधीच सांगून ठेवलं होतं, "आई पुढं नसंल तं मी बी नाही." ताई पुढे होत्या. तेच भारी लुगडं, ओंजळ भरून अक्षता, आणि इतक्या बावरलेल्या की जणू दुसऱ्याच्या लग्नात शिरल्या आहेत. पण पुढे होत्या, नवरदेवाच्या अगदी शेजारी. मला इतका आनंद झाला, की मी लगेच दिगूभाऊंना शोधायला लागले.

ते पार मागे होते. दाराजवळच्या खांबापाशी. मिशा आता पांढऱ्या, सफारी तीच. फोटोग्राफर मेहकरचा कोणी नवा मुलगा होता, त्याने माइकवरून हाक मारली, "नवरदेवाचे मामा, पुढं या, मामा!" ताई मागे वळून शोधू लागल्या. मी खांबापर्यंत गेले. म्हटलं, "भाऊ, चला ना. ताई वाट बघून राह्यल्यात." इतक्या वर्षांत त्यांच्यापुढे माझ्या तोंडून वऱ्हाडी पहिल्यांदाच निघालं असेल.

त्यांनी एक डोळा बारीक करून माझ्याकडे पाहिलं. "नाही म्याडम," म्हणाले, तोच जुना गोड, हळू आवाज. "मी हाव इथं सावलीत. बरा हाव."

बंद कार्यालय होतं, वर पत्र्याचं छत. ऊन कुठून येणार? अक्षतांची वेळ झाली, सगळे उठले, गर्दीत मी पुढे लोटली गेले. वळून पाहिलं तेव्हा ते पदराचं टोक धरावं तसा रुमाल दातात धरून उभे होते आणि त्यांचा उजवा हात वर होता. त्यानंतर ते मला दिसलेले नाहीत.

तो फोटो आकाशने मला व्हॉट्सअॅपवर पाठवलाय. नव्या मुलाने चांगला काढलाय, आजकाल लोकांना आवडतो तसा. नवरा-नवरी आणि ताई लख्ख, मागचं सगळं मऊ, पुसट. दाराजवळ खांबाशी एक राखाडी डाग आहे. जुन्या सवयीने माझं बोट अजून त्या डागावर जातं. डाग नुसता मोठा होतो. स्पष्ट होत नाही.